पटावर एक कमी

वाजवणाऱ्या माणसाकडे किस्से फार साठतात. त्याचं कारण अगदी साधं आहे. कार्यक्रम असतो तासाभराचा. पण त्याआधी मांडव उभा राहीपर्यंत, लाईट येईपर्यंत, पाहुणे येईपर्यंत आपण अर्धा दिवस नुसते बसून! बसल्या बसल्या माणूस करणार काय? चहा पिणार आणि मागच्या वेळी काय घोळ झाला ते सांगणार. नवा घोळ होईपर्यंत जुना घोळ घासूनपुसून तयार होतो.

मी वसंत गोलेकर, मूळचा खर्ड्याचा. जामखेडच्या लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायला शिकलो, मुंबईला गेलो, एका गोव्याच्या मास्टरांच्या हाताखाली सॅक्सोफोन घेतला आणि मोठ्या हॉटेलात बरीच वर्षं जॅझ वाजवलं. मग हॉटेलवाल्यांनी बँड बंद करून डीजे बसवला. मी वाजा पेटीत घातला आणि आमच्याच जिल्ह्यात परत आलो. संगमनेरला एका कॉलेजात पाश्चात्त्य संगीताचा एक वर्षाचा वर्ग सुरू व्हायचा होता, तो मला मिळाला.

मिळाला म्हणजे काय, तासिका तत्त्वावर! ज्यांनी हे तत्त्व भोगलंय त्यांना वेगळं सांगायला नको. दर जूनला पटावर ठरलेली पोरं भरली तर वर्ग चालू. एक जरी कमी पडलं तरी वर्ग बंद आणि गोलेकर घरी. पुढं मी म्हातारा होत गेलो, पण जून आला की मी बोटांवर पोरं मोजायला लागायचो ते लागायचोच. नोकरीची भीती होतीच, नाही कशाला म्हणू? पण हा वर्ग बंद पडला तर आपल्या भागातल्या पोराला सॅक्सोफोन हातात धरायला कुठं मिळणार, हेही मनाला लागायचं.

*

मुंबईचा एक किस्सा आधी सांगतो, म्हणजे जॅझ काय असतं तेही कळेल.

आमचे आप्पा, म्हणजे वडील, एकदा खर्ड्याहून मला बघायला आले. धोतर, टोपी, हातात शेंगांची पिशवी. हॉटेलच्या मॅनेजरनं त्यांना किचनच्या दाराजवळ एक खुर्ची दिली. आप्पा तिथून संध्याकाळभर आमचा कार्यक्रम बघत बसले.

आता जॅझची रीत अशी की आधी सगळ्यांनी मिळून मूळ चाल वाजवायची. मग एकेकानं आपल्या मनाचं वाजवायचं, तेवढा वेळ बाकीचे मागं. आणि शेवटी सगळ्यांनी मिळून पुन्हा मूळ चालीवर यायचं. माझी पाळी झाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी मागं सरकून उभा राहिलो. ट्रंपेटवाला पुढं झाला.

कार्यक्रम संपल्यावर मी मोठ्या आशेनं आप्पांजवळ गेलो. म्हटलं, कसं वाटलं?

"वाजवलंस ब्येस," आप्पा म्हणाले. "पर त्यो दुसरा वाजवीत हुता तवा तू काय करीत हुतास?"

"ऐकत होतो, आप्पा."

आप्पांनी मॅनेजरच्या दिशेनं एकदा बघितलं आणि हळूच विचारलं, "ऐकायचा बी पगार मिळतो व्हय?"

*

संगमनेरचा माझा इंटरव्ह्यू तिघांनी घेतला. संस्थेचे अध्यक्ष, त्या वेळचे प्राचार्य आणि संगीत विभागाच्या प्रमुख पुराणिक बाई.

पुराणिक बाई म्हणजे शास्त्रीय गायन. कडक इस्त्रीची सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा, आणि कान असे की वरच्या मजल्यावर कुणी तानपुरा जुळवत असेल तर खाली जिन्यातून ओरडायच्या, "पंचम उतरलाय!" उतरला म्हणजे जागेपेक्षा जरा खाली लागला, बेसूर. घराण्यात पौरोहित्य, वडील शाळामास्तर. चुकीचं काही कानावर पडलं की त्यांना खरोखर दुखायचं. हे मी थट्टेनं सांगत नाही.

मी वाजवून दाखवलं. अगदी जीव ओतून वाजवलं. बाईंनी चष्मा काढला.

"याचा आरोह-अवरोह काय?"

"बाई, तो वाजवता वाजवता ठरत जातो."

"म्हणजे घरून तयारी करून आलेला नाहीत."

मी मनात म्हटलं, झालं! चला खर्ड्याला. पण अध्यक्ष मध्येच म्हणाले, "आवाज लांबवर जातो हो बाई. गॅदरिंगला स्पीकर बंद पडला तरी काळजी नाही!"

तर माझी नेमणूक कलेवर झाली नाही, आवाजावर झाली. आणि पहिल्या दिवसापासून आमचं आणि बाईंचं जे जुंपलं ते जुंपलंच. शेजारी शेजारी वर्ग. मी पोरांना सॅक्सोफोन फुंकायला लावला की भिंतीपलीकडून बाईंची थाप पडायची. मी थांबायचो, त्या सुरू व्हायच्या. त्यांचं झालं की मी.

*

पहिल्या वर्षी मी वर्गात ही जॅझची रीत समजावून सांगत होतो. आधी सगळ्यांनी एकत्र, मग प्रत्येकानं आपलं आपलं, कुणी कुणाला अडवायचं नाही, शेवटी सगळ्यांनी मिळून पुन्हा मूळ चालीवर. पोरं माना हलवत होती, पण डोळ्यांत काही उजेड दिसेना.

आमचे शिपाई लक्ष्मण मामा फळा पुसायला आले होते. ते हातात डस्टर घेऊन तसेच थांबले.

"सर, ह्ये तर आमच्या ग्रामसभेसारखं हाय."

"अगदी बरोबर, मामा!" मला फार आनंद झाला. "तसंच आहे!"

"तसंच न्हाई, सर," मामा डस्टर झटकत म्हणाले. "आमी परत मूळ इषयावर कधीच येत न्हाई."

*

आमच्या विभागात तिसरे होते कानडे सर, तबल्याचे. मनानं लोण्यासारखा माणूस. बाई आणि मी भांडलो की हे दोघांसाठी चहा सांगायचे आणि स्वतःच तो पिऊन टाकायचे.

एकदा मी त्यांना आमच्या बँडबरोबर वाजवायला बसवलं. तबल्यावाल्याचा सगळा जीव समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर. तो तिहाई घेऊन, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून, समेवर आला की सगळ्यांनी तिथं त्याच्यासोबत पोचायचं, मान डोलवायची, वा म्हणायचं. कानडे सरांनी अशी देखणी तिहाई घेतली की काय सांगू! आले समेवर आणि बघतात तर आमची पोरं आपल्या नादात भलतीकडेच. कुणाचं लक्षच नाही.

त्यांनी पुन्हा तिहाई घेतली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तबल्यावरचे हात उचलून ते कळवळून म्हणाले, "अहो गोलेकर, मी पान वाढून बसलोय आणि तुमची माणसं अजून हातच धुतायत!"

*

आता फेट्याचा किस्सा. हा मी जिथं जाईन तिथं सांगतो.

जॅझवाल्यांची एक खूण असते. एखाद्याचं मनाचं वाजवणं चाललं असताना बँडच्या प्रमुखानं डोक्याला हात लावला, की समजायचं, आता बास, मूळ चालीवर चला. स्टेजवर बोलता येत नाही म्हणून ही खूण. मी ती पोरांकडून इतकी घोटून घेतली होती की मी वर्गात केस विंचरायलाही घाबरायचो.

जवळच्या एका साखर कारखान्याचा गळीत हंगामाचा शुभारंभ होता. तिथं आम्हाला बोलावलं. स्टेजवर संचालक मंडळ, समोर शेतकरी सभासद, बाजूला आम्ही. चाल झाली, मी पुढं होऊन माझं वाजवायला घेतलं. त्या दिवशी वाजा असा लागला होता! ऊसवाले शेतकरीसुद्धा टोप्या मागं सारून ऐकायला लागले.

तेवढ्यात पाहुण्यांना निघायची घाई झाली. कार्यकर्ते म्हणाले, सरांचा सत्कार उरकून घ्या. वाजवणं थांबवायचं कसं, हे कुणाला सुचेना. मग त्यांनी ठरवलं, वाजवत राहू द्या, आपण फेटा बांधून घेऊ! एक माणूस मागून आला आणि माझ्या डोक्याला हात लावला.

पोरं लगेच मूळ चालीवर!

मी डोळे वटारले, मान हलवली, पुन्हा माझं सुरू केलं. त्यानं फेट्याचा दुसरा वेढा घेतला. पोरं पुन्हा मूळ चालीवर! मी एक सूर धरतोय तोवर तिसरा वेढा. फेटा भरपूर लांबीचा होता, आणि तो माणूस फार व्यवस्थित बांधणारा होता. माझा तुरा निघेपर्यंत आमची पोरं तीच चाल पुन्हा पुन्हा वाजवत राहिली. माझ्या तोंडात वाजा, मी ओरडणार कसा?

खाली उतरल्यावर मी पोरांवर असा तापलो! त्यांचा म्होरक्या अगदी निरागसपणे म्हणाला, "सर, तुमीच शिकीवलं ना, डोक्याला कुणाचाबी हात लागला तरी चुकायचं न्हाई!"

दुसऱ्या दिवशी बाईंना हे कळलं. त्यांना हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. डोळ्यांना पदर लावून हसल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या आयुष्यात पहिल्यांदाच बंदिश नीट ऐकू आली असेल लोकांना."

*

जून जवळ आला की आम्ही पोरं शोधायला बाहेर पडायचो. सगळीच कॉलेजं पडतात. एका वर्षी बाई स्वतःहून म्हणाल्या, "पाथर्डीला मी येते." मला शंका आलीच.

झालं होतं असं, की युवक महोत्सवात पाथर्डीकडची शीतल नावाची मुलगी पोवाडा गायली होती. बाईंनी तिचा गळा ऐकला. मी बघितले तिचे हात. गाणं संपल्यावर बाकावर बसून ती बाकीच्यांच्या गाण्यांना बोटांनी असा ठेका धरत होती की मी स्टेजकडे बघायचंच सोडून दिलं. म्हणजे आम्हा दोघांनाही ती हवी होती, आणि दोघंही हे एकमेकांपासून लपवत होतो.

शीतलचे वडील पाथर्डीच्या रस्त्यावर प्रवासी जीप चालवायचे. त्यांनी आम्हाला बसायला सतरंजी टाकली, पाणी दिलं आणि सरळ मुद्द्यावर आले.

"ह्ये शिकून पुढं काय हुतं?"

"गळा घडतो," बाई म्हणाल्या.

"बँडमध्ये वाजवता येतं," मी म्हणालो.

त्यांनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. "म्हंजे नोकरी दोघांकडंबी न्हाई!"

मग ते हसले आणि म्हणाले, "तिलाच इचारा. स्टेरिंगवर ती हाय, मी मागच्या शीटवर."

शीतल दाराशी उभी होती. तिनं जराही वेळ घेतला नाही. "मला ड्रम वाजवायचेत."

परतीच्या वाटेवर बाईंनी खिडकीकडे तोंड केलं. मी जिंकलो होतो, पण खरं सांगतो, मला त्यांच्याकडे बघवेना. त्या मुलीच्या गळ्यासाठी त्या एवढ्या उन्हात, एवढ्या धुळीत आल्या होत्या. करंजीचा घाट उतरल्यावर त्या खिडकीतून बाहेर बघतच म्हणाल्या, "तिला रोज सकाळी माझ्याकडे षड्ज लावायला पाठवा. ढोल कुठं पळून जात नाहीत."

पाठवलं. आणि मागाहून माझ्या लक्षात आलं, की त्या वर्षी माझा पट शीतलमुळंच भरला होता.

*

शीतलच्याच वर्षात कोरोना आला. पोरं गावोगावी आणि आमचा बँड मोबाईलवर! मी इथं एक-दोन-तीन-चार म्हणायचो, ते राहुरीला एका वेळी पोचायचं, जामखेडला दुसऱ्या वेळी. सगळे बरोबर वाजवायचे, पण एकाच वेळी कुणीच नाही. बाई फोन करून म्हणाल्या, "शेवटी तुमचं संगीत तुम्हाला हवं तसं झालं!"

शीतलकडे घरी ड्रम नव्हते. तिनं पालथं घमेलं, एक पत्र्याचं पिंप आणि स्टीलचा मोठा डबा मांडला होता. डबा म्हणजे तिचा स्नेअर. स्नेअर म्हणजे मांडीसमोरचा मुख्य ड्रम, सगळी मदार त्याच्यावर. तर एके दिवशी तिची पाळी ऐन रंगात आली होती. आम्ही सगळे आपापल्या मोबाईलला कान लावून बसलेलो. तेवढ्यात स्क्रीनवर बाजूनं बांगड्या भरलेला एक हात आला आणि डबा उचलून घेऊन गेला!

ठेका थांबला. मी घाबरून विचारलं, "अगं, काय झालं?"

"काय न्हाई सर," शीतल म्हणाली. "स्नेअरमधी भाकरीचं पीठ हुतं."

ती आता पुण्याला एका बँडमध्ये वाजवते. सकाळी षड्ज लावते की नाही, ते मी विचारत नाही. बाई विचारतात.

*

बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी निरोप समारंभ होता. सगळे रडवेले. मी सॅक्सोफोन आणला होता, पण वाजवायचं धाडस होईना. भिंतीपलीकडून उद्यापासून थाप येणार नाही, या विचारानंच मला कसंतरी होत होतं.

बाई बोलायला उठल्या. सगळ्यांबद्दल बोलल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"गोलेकरांचं संगीत मला आवडत नाही असं मी म्हणणार नाही. मला ते समजलं नाही. आणि जे समजलं नाही त्याला मी कधी नावं ठेवली नाहीत."

मागून कानडे सर ओरडले, "बाई, रोज ठेवलीत! आम्ही साक्षीदार आहोत!"

"ती संगीताला नव्हती," बाई शांतपणे म्हणाल्या. "गोलेकरांना होती."

*

त्यानंतरच्या जूनची गोष्ट. पट भरेना. आम्ही सगळे तालुके पालथे घातले होते, तरी प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी एक जण कमी. नवे प्राचार्य वयानं माझ्यापेक्षा लहान, पण भला माणूस. म्हणाले, "सर, ऑफिस बंद होईपर्यंत थांबू. त्यापुढं माझ्या हातात काही नाही."

मी वर्गात जाऊन वाजा पुसत बसलो. दुसरं काय करणार? पेटी बंद करायला घेतली तेवढ्यात लक्ष्मण मामा धापा टाकत आले.

"सर, चला! बाई लायनीत हुब्या हायेत!"

मी धावलो. ऑफिसच्या खिडकीसमोर पोरापोरींच्या रांगेत पुराणिक बाई. तीच इस्त्रीची साडी, हातात पर्स. क्लार्क उभाच राहिला. "बाई, कुणाचा प्रवेश?"

"माझा. पाश्चात्त्य संगीत."

प्राचार्य बाहेर आले. "बाई, अहो, पण वय..."

"वयाची अट दाखवा."

अट नव्हती. बाईंनी वर पुन्हा सांगितलं, "बारावी पास आहे मी."

वर्ग वाचला. पहिल्या दिवशी मी आत शिरलो तर पहिल्या बाकावरून बाई उठून उभ्या. मला घामच फुटला. म्हटलं, बाई, बसा हो! तर म्हणाल्या, "शिक्षक वर्गात आले की उभं राहायचं असतं. तुमच्याकडे ती पद्धत नाही हे भिंतीपलीकडून कळत होतंच."

वर्षभर आल्या. डबा घेऊन यायच्या, पोरांबरोबर खायच्या, घरचा अभ्यास करायच्या. सरावात त्यांची पाळी आली की गळ्यानंच घ्यायच्या, आणि काय घ्यायच्या! पोरांनी एकदा मध्येच टाळ्या वाजवल्या तर उसळल्या, "अजून संपलंय का? अर्ध्यात काय टाळ्या!" ते वर्ष माझ्या सगळ्या नोकरीतलं सगळ्यात सुखाचं वर्ष. हे मी त्यांना सांगितलं नाही, पण त्यांना ठाऊक असावं.

परीक्षा जवळ आली. मी आणि कानडे सर पुढच्या वर्षासाठी आत्ताच फिरून आलो होतो. पुन्हा तेच रडगाणं. कसंही मोजलं तरी एक जण कमी. एकदा पास झालेल्याला त्याच वर्गात पुन्हा घेता येत नाही, आणि बाई तर पहिल्या येणार यात कुणालाच शंका नव्हती. ही सगळी चर्चा डब्याच्या वेळी बाईंसमोरच झाली. त्या दहीभात खात होत्या.

प्रॅक्टिकलला नाशिकहून परीक्षक आले. बघतो तर बाईंचाच जुना विद्यार्थी, नितीन! आता त्याचेही केस पिकलेले. बाई आत आल्या तसा तो खुर्चीवरून उठला आणि पायाच पडला.

"ऊठ. आज परीक्षक तू आहेस," बाई म्हणाल्या. "विचार."

"बाई, मी तुम्हाला काय विचारणार?"

"बाकीच्यांना विचारलंस तेच."

बाकीच्यांना त्यानं एक साधी सुरावट गायला लावली होती. अगदी पहिल्या महिन्यातली. मी कीबोर्डवर पहिला सूर दिला. बाईंनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. सा लागला. रे लागला. गंधार उतरला.

नितीननं दचकून कीबोर्डकडे बघितलं. मीही बघितलं. कानडे सर दाराशी उभे होते, त्यांचा हात आपसूक कानाकडे गेला.

"बाई," नितीन म्हणाला, "घसा बसलाय का? पुन्हा एकदा घ्या."

बाईंनी पुन्हा घेतलं. सा लागला. रे लागला. गंधार उतरला. त्याच जागी, आणि केसाइतकाही कमी-जास्त नाही, अगदी तेवढाच!

नितीनच्या डोळ्यांत पाणी आलं. पेन हातात, पण चालेना. "बाई, मी हे कसं लिहू?"

"जे ऐकलंस ते लिही," बाई म्हणाल्या. "तुला तेच शिकवलं होतं."

त्या उठल्या, पदर नीट केला, आमच्यापैकी कुणाकडेही न बघता बाहेर गेल्या. मी त्यांच्या मागोमाग निघालो. बाई सरळ ऑफिसच्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या आणि क्लार्कला म्हणाल्या,

"नापासांना पुन्हा पटावर घेता ना? मग त्यांचे प्रवेश कधीपासून?"